लॉनमधल्या क्रॅबग्रासचा बंदोबस्त पावसाआधीच करा

गणपती झाले की आमच्या लेनमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "लॉनमध्ये ते रुंद पानांचं गवत खूप झालंय हो, काय मारायचं त्याच्यावर?" आणि दरवर्षी माझं उत्तर तेच, की आता मारण्यासारखं फार काही उरलेलं नाही, हाताने काढा, बी पडू देऊ नका आणि पुढच्या मे महिन्यात माझ्याकडे या. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, सगळ्यांना तणनाशकाची बाटली हवी असते. पण खरं तेच आहे आणि का ते एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही नवी मुंबईत बेलापूरला राहतो, पारसिक हिलच्या बाजूला, रो हाऊसमध्ये. पुढे साडेतीनशे स्क्वेअर फूट लॉन आहे, सिलेक्शन वन जातीच्या गवताचं. मोठं नाहीये, पण या काँक्रीटमध्ये सकाळी अनवाणी उभं राहायला तेवढी एक जागा आहे आणि मला ती फार प्रिय आहे. त्यामुळे यातलं जे काही कळलंय ते वाचून, माळीमामांकडून आणि मुख्य म्हणजे दर पावसाळ्यात गुडघ्यावर बसून कळलंय.

आधी ओळख पटवून घ्या, कारण लॉनमध्ये वेगळं दिसेल त्या सगळ्यालाच लोक क्रॅबग्रास म्हणतात आणि मग उपाय चुकतो. खरं क्रॅबग्रास म्हणजे डिजिटेरिया, वर्षभरात जगून मरणारं गवत. पान पोपटी, लॉनच्या पानापेक्षा बरंच रुंद, पानाच्या खालच्या भागावर बारीक लव, बुंध्याशी जरा जांभळट छटा. एका मध्यातून काड्या चारी बाजूंना जमिनीला चिकटून पसरतात आणि जिथे पेर जमिनीला टेकतं तिथे नवीन मुळं सोडतात. वर बोटांसारखे लांब लांब तुरे येतात. आता दुर्वांनाही तुरा बोटांसारखाच येतो, म्हणून गडबड होते, पण दुर्वांची बोटं आखूड असतात आणि सगळी एकाच बिंदूतून निघतात, क्रॅबग्रासची लांब असतात आणि बहुतेकदा थोडी खाली-वर निघालेली.

दुसरं एक त्याच्यासारखंच दिसणारं असतं, नाचणीचं रानटी भावंड, एल्युसिन इंडिका. कोकणातल्या माणसाला ते बघताक्षणी कळतं कारण कणीस बघून नाचणीच आठवते. त्याचा बुंधा चपटा आणि पांढरट-चंदेरी असतो आणि उपटायला महाकठीण, पायाने तुडवून घट्ट झालेल्या जागी तर तेच येतं. उपाय जवळपास सारखाच आहे. पण तिसरा जो लव्हाळा, त्याचं प्रकरण पूर्ण वेगळं. काडी दोन बोटांत फिरवून बघा, तिला तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, ते गवतच नाही, त्याच्या खाली गाठी असतात (नागरमोथा म्हणून विकतात त्याच) आणि नुसता वरून उपटला तर खालच्या गाठीतून परत फुटतो. या पोस्टमधलं बहुतेक काही लव्हाळ्याला लागू नाही, त्याच्यावर वेगळं लिहीन.

क्रॅबग्रासची सगळी ताकद त्याच्या बियांत आहे. भरपूर मोकळी जागा मिळाली तर एका झाडाला लाखाच्या वरही बी येऊ शकतं. आणि यात आश्चर्य नाही, कारण हे मुळात धान्याच्याच वळणाचं गवत आहे, डिजिटेरियाची एक जात मेघालयात खासी डोंगरात राइशान म्हणून पिकवतात, पश्चिम आफ्रिकेत फोनिओ म्हणून दुसऱ्या जाती खातात. म्हणजे दाणे भरणं हेच त्याचं काम. हे बी मातीत दोन-तीन वर्षं सहज टिकतं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे या सप्टेंबरात जे पडलं ते पुढच्याच जूनमध्ये संपणार नाही, त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या जूनमध्ये येत राहणार.

आता मुख्य मुद्दा. नेटवर क्रॅबग्रासबद्दल शोधलं की जे सापडतं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतलं असतं आणि ते तिथल्या हवेसाठी बरोबरच आहे. तिथे हिवाळ्यात जमीन थंडगार असते, वसंतात मातीचं तापमान साधारण १३ अंशांवर जाऊन काही दिवस टिकलं की बी उगवायला लागतं, म्हणून तिथले लोक मातीत थर्मामीटर खुपसून बसतात किंवा फोर्सिथिया नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप फुललं की औषध टाकायची वेळ आली असं समजतात. आणि शरद संपताना पहिलं हिमतुषार पडलं की क्रॅबग्रास आपोआप मरतं. आपल्याकडे यातलं काय आहे? बेलापूरला जानेवारीतसुद्धा माती १३ अंशांच्या वरच असते. म्हणजे ऊब बाराही महिने आहे, बी अडून बसलेलं असतं ते पाण्यासाठी. म्हणून आपलं कॅलेंडर थर्मामीटरचं नाही, पावसाचं आहे. वळवाची एखादी सर चांगली झाली आणि मग दोन-चार दिवस ओल टिकली की पहिली फळी उगवते, मृगाचा पाऊस लागला की बाकीची.

आणि मृग म्हणजे ७-८ जून, मुंबईला मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, हे डोक्यात ठेवून निवांत राहिलं तरी पंचाईत होते. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मेलाच आला, नोंदी आहेत तेव्हापासून इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि त्या वर्षी आमच्या लेनमध्ये जून उजाडेपर्यंत लॉनच्या कडा पोपटी झाल्या होत्या. तेव्हापासून मी तारीख सोडून दिली. बहावा फुलला की तयारीला लागते. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर पिवळे घोस लटकायला लागले की हातात काही आठवडे आहेत असं समजायचं आणि रोहिणी लागायच्या आत लॉनचं काम आटपायचं.

काम म्हणजे काय तर टक्कल बुजवायचं. क्रॅबग्रासचं बी अगदी बारीक, ते बहुतेक वरच्या दोन-तीन सेंटीमीटर मातीतूनच वर येतं आणि उजेड मिळाला तर जास्त जोमाने येतं. लॉन दाट असेल तर खाली उजेडच जात नाही. म्हणून सगळा खेळ त्या उघड्या जागांचा आहे: गेटपासून दारापर्यंतचा चालायचा पट्टा, बाईक लावतात ती कड, नळाखालची जागा, आंब्याच्या सावलीतला विरळ तुकडा. तिथे मे महिन्यातच लॉनच्या दाट भागातल्या काड्या काढून चार बोटांच्या अंतरावर लावायच्या, वरून चाळलेली माती आणि कुजलेलं खत पातळ पसरायचं आणि रोज पाणी. आमचे माळीमामा म्हणतात, "ताई, जागा मोकळी ठेवली की कुणीतरी येणारच राहायला." आणि कृपा करून ती जागा फावड्याने खणू नका! खणलं की खाली गाडलं गेलेलं जुनं बी वर येतं. बोटाने किंवा खुरप्याच्या टोकाने भोक पाडायचं, काडी खोचायची, बास.

पाणी रोज फक्त त्या नवीन काड्यांना. बाकी लॉनला रोज थोडं थोडं शिंपडू नका, दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या, पाणी खोल गेलं की मुळंही खोल जातात. रोजच्या शिंपडण्याने मातीचा वरचा थर कायम ओला राहतो आणि त्या थरात कोण बसलंय ते वर लिहिलंच आहे.

दुसरा अमेरिकन सल्ला म्हणजे लॉन तीन इंच उंच ठेवा, सावलीने क्रॅबग्रास दबतं. हा सल्ला तिकडच्या ब्लूग्रास आणि फेस्क्यूसाठी आहे, ती थंडीची गवतं, उन्हाळ्यात मलूल होतात, म्हणून त्यांना उंची लागते. आपलं सिलेक्शन वन म्हणजे दुर्वांचीच निवडलेली जात, कडक ऊन तिला मानवतं. ती तीन इंच वाढू दिली तर वर हिरवी आणि खाली वाळक्या काड्या, मग कधीतरी एकदम कापली की तपकिरी बोडखं दिसतं आणि तिथेच क्रॅबग्रासला जागा. तिला एक-दीड इंचावर ठेवा पण वारंवार कापा, वाढलेल्या उंचीचा एक तृतीयांशच एका वेळी काढा. मेक्सिकन लॉन असेल तर थोडं जास्त ठेवलं तरी चालतं. मला ही गोष्ट खूप दिलासा देणारी वाटते, की तिकडे क्रॅबग्रास ऐन उन्हाळ्यात जोरात असतं तेव्हा लॉन दमलेलं असतं, आपल्याकडे दोघंही उष्ण हवेतलीच गवतं आहेत, दोघांनाही तोच पाऊस आवडतो. म्हणजे आपल्या लॉनला जिंकायची चांगली संधी आहे, फक्त त्याला ऊन आणि खायला द्या.

खायला म्हणजे मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम युरिया, संध्याकाळी टाकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं, नाहीतर पानं करपतात. शेणखत टाकायचं तर पूर्ण कुजलेलंच, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून गवताचं बी पोत्याने येतं. ऊन मात्र विकत मिळत नाही. रोज पाच-सहा तास सरळ ऊन नसेल तर सिलेक्शन वन कितीही लाड केले तरी विरळ होणार, तिथे हट्ट सोडून सावलीत चालणारं मंकी ग्रास लावा किंवा फरश्या टाका. शेजारच्या काकूंनी आंब्याखाली तेच केलं आणि त्यांचा निम्मा त्रास संपला.

आता औषध. क्रॅबग्रास उगवायच्या आधी मातीत टाकायचं तणनाशक असतं, आपल्याकडे पेंडिमेथालिन मिळतं, कांदा-सोयाबीन-कापूसवाले शेतकरी वापरतात आणि त्यांना ते उपयोगी पडतं. बी मारत नाही ते, उगवणाऱ्या कोंबाची आणि मुळाची वाढ रोखतं, म्हणून एकदा गवत वर दिसायला लागल्यावर टाकून काही होत नाही. सप्टेंबरात प्रश्न विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय. आणि टाकलंच तर त्यानंतर लगेच नवीन काड्या लावता येत नाहीत, त्यांचीही मुळं अडतात, म्हणजे टक्कल बुजवायचं काम बंद. टू फोर-डी हे तणनाशक गवत नसलेल्या रुंद पानांच्या तणांवर असतं, गवतावर नाही, त्यामुळे क्रॅबग्रासला त्याने काहीही होत नाही. ग्लायफोसेट सगळंच मारतं, लॉनसकट, शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायचा असं म्हटलं, म्हणजे पंपात भरून आपण आपलं मारायचं हा विषयच नाही.

मी स्वतः यातलं काहीच वापरत नाही आणि कारण सांगते. आपल्याकडे चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो त्यात लॉनवरची माती वाहून गटारात जाते, गटार नाल्यात, नाला खाडीत. पेंडिमेथालिन मातीला चिकटून राहतं हे खरं, पण मातीच वाहिली तर ते तिच्याबरोबर जाणार, आणि माशांना ते फार विषारी आहे. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. हिवाळ्यात आपण पाम बीच रोडवर गाड्या थांबवून तेच पक्षी बघतो ना. साडेतीनशे फुटांसाठी त्या पाण्यात मला काही सोडायचं नाहीये. दुसरं कारण घरातलं आहे. भाद्रपदात आमच्या लॉनमधून पाच-सहा घरांच्या दुर्वा जातात, एकवीस-एकवीसच्या जुड्या, पोरं सकाळी येऊन खुडतात, कधी तशीच तोंडात काडी धरतात. तिथे फवारणी कशी करू मी?

बिनविषारी म्हणून कॉर्न ग्लूटेन मीलचं नाव खूप येतं. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत निक क्रिश्चियन्स यांनी ते शोधलं, १९९१ चं पेटंट आहे, मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा भाग, कोंब फुटताना मूळ धरू देत नाही. पण त्याची अट अशी की कोंब फुटल्यावर थोडे दिवस माती कोरडी पडली पाहिजे, तरच तो मुळाविना वाळतो. जूनमध्ये बेलापूरला माती कोरडी? उलट त्यात १० टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतं, वाचलेल्या क्रॅबग्रासला ते खतच झालं. तिकडे चालत असेल, इथे पैसे घालवू नका. व्हिनेगर पानं जाळतं, क्रॅबग्रासचीही आणि लॉनचीही. मीठ तर अजिबात नको, माती बिघडते. उकळतं पाणी फक्त पेव्हर ब्लॉकच्या फटींमध्ये चांगलं काम करतं आणि ते जरूर करा, कारण फटीतलं एक झाड पिकलं की बी लॉनमध्येच येतं.

मग उरतं हाताने काढणं, आणि ते वाटतं तितकं कठीण नाही, वेळ साधली तर. जूनच्या शेवटी रोपाला तीन-चार पानं असतात, पेरांना मुळं फुटलेली नसतात, तेव्हा चिमटीत धरून अख्खं निघतं. मी पाऊस थांबला की अर्धा तास बसते, गुडघ्याखाली जुनी योगा मॅट, एका बाजूने पट्ट्या पट्ट्याने पुढे सरकायचं. आषाढ संपेपर्यंत हे रेटलं की श्रावणात फार थोडं उरतं. जुलैनंतरचं मोठं झाड मात्र ओढू नका, ओढलं की काडी तुटते आणि मुळं धरलेलं पेर तिथेच राहून परत वाढतं. आधी सगळ्या काड्या हाताने गोळा करून वर उचलायच्या, मधल्या बुंध्याशी खुरपं तिरकं घालायचं आणि मग सगळं एकदम काढायचं. जिथून निघालं तिथे त्याच दिवशी लॉनच्या दोन-तीन काड्या खोचा, पावसात त्या हमखास धरतात. हे करायचा कंटाळा केला की आठवड्यात त्याच भोकातून दुसरं वर येतं.

तुरे दिसायला लागले की घाई करा. मशीनवर भरवसा ठेवून चालत नाही, क्रॅबग्रास एका इंचाच्या खाली कापलं तरी आडवं पडून तिथल्या तिथे तुरा काढतं. पावसात माळी येत नाहीत, ओल्या लॉनवर मशीन चालत नाही, आणि नेमकं तेव्हाच बी भरतं. अशा वेळी बाकीचं राहू दे, निदान तुरे कात्रीने कापून पिशवीत भरा. तुरे आलेलं गवत घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, तो ड्रम बी मरण्याइतका तापत नाही. तुरे नसलेलं बिनधास्त टाका, नाहीतर जवळ गाईगुरं असतील तर त्यांना द्या, आवडीने खातात.

ज्यांचं लॉन निम्म्याच्या वर क्रॅबग्रासनेच भरलंय त्यांनी निवडत बसण्यात अर्थ नाही, ते काढून नव्याने लावा. आणि इथे आपल्या उन्हाचा फायदा घ्या. एप्रिलमध्ये सगळं सोलून काढा, जागा सपाट करा, भरपूर पाणी द्या आणि वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबून टाका, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जातं आणि खालची ओली माती इतकी तापते की वरच्या थरातलं बरंचसं बी मरतं. इस्रायलमध्ये १९७६ मध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या रोगांसाठी ही पद्धत मांडली आणि तण मारायलाही ती तितकीच चालते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातून वाचतात.

प्लास्टिक काढल्यावर खणायचं नाही, थेट लॉन लावायचं. भरावाला बाहेरून लाल माती आणणार असाल तर ती आधी एका कोपऱ्यात पातळ पसरून पाणी मारत राहा, दोनेक आठवड्यांत तिच्यात जे दडलंय ते उगवून दिसेल, ते खरवडून काढा आणि मग वापरा. लॉनच्या लाद्या घेताना नर्सरीवाल्याला सांगून दोन-चार लाद्या उलट्या करून बघा, खालच्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी किंवा कडेला रुंद पोपटी पानं दिसली तर त्या गाडीतल्या घेऊ नका, दुसरी गाडी कधी येणार ते विचारा. मेमध्ये दोन-तीन दिवसांआड नवीन माल येत असतो, थांबलं तर चालतं.